किडनीतला २३ मि.मी.चा खडा : पाठीतून काढावा की लघवीच्या वाटेने? अनुभव आणि माहिती हवी

तापीकाठ

नमस्कार मंडळी. थोरल्या मेव्हण्यांसाठी विचारतोय. वय ५६, मुक्काम चोपड्याजवळ, व्यवसाय शेती. उजव्या किडनीत मधोमध २३ मि.मी.चा खडा, शिवाय खालच्या कप्प्यात आणखी एक ९ मि.मी.चा. मधुमेह आहे, गोळ्या चालू. हृदयात स्टेंट बसवून दोन वर्षं झाली, इकोस्प्रिन (रक्त पातळ करणारी गोळी) रोज. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) १.३.

जळगावच्या डॉक्टरांनी पीसीएनएल सांगितली. म्हणजे पाठीतून भोक पाडून खडा फोडून बाहेर काढायचा. भाचीने पुण्यात दुसरं मत घेतलं, तिथे आरआयआरएस करू म्हणाले. लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण घालायची, लेझरने खडा फोडायचा, एकही टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. साहजिकच सगळं घर पुण्याकडे झुकलंय. ताई तर म्हणते, "पाठीला भोकच नको बाई." मेव्हण्यांच्या चुलतभावाचं तिसरंच. दोन्ही नको, रोज अनशापोटी पानफुटीची दोन पानं चावून खा.

टाका नाही म्हणजे धोकाही कमी, असं खरंच असतं का? ज्यांनी करून घेतलंय किंवा ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

---

कुळीथ_पिठलं

कुळथाचं कढण, पाषाणभेद आणि दिवसाला चार लिटर पाणी. आमच्या आत्याचा खडा असाच पडला. कापाकापी शेवटी.

---

शनिवारवाडा_७

आत्याचा खडा किती मि.मी.चा होता?

---

कुळीथ_पिठलं

४.

---

शनिवारवाडा_७

मग तो कढण न पिताही बहुधा पडला असता. मूत्रवाहिनीची आतली रुंदी तीन-चार मि.मी. असते. ५ मि.मी.च्या आतले बरेचसे खडे आपणहून पडतात, ५ ते १० मधले साधारण निम्मे. २३ मि.मी.चा कुठून जाणार? कुळथाचं पिठलं मलाही आवडतं, पण भाताबरोबर.

---

गुडघेदुखी

माझी आरआयआरएस झाली आहे, १४ मि.मी.साठी. ऑपरेशनचं काही कळलंही नाही, खडा गेला, दुसऱ्या दिवशी घरी आलो. हे सगळं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच. जे सांगत नाहीत ते म्हणजे आत ठेवलेली डीजे स्टेंटची नळी. किडनीपासून मूत्राशयापर्यंत प्लास्टिकची नळी, दोन्ही टोकं वळलेली. ती काढेपर्यंत दर अर्ध्या तासाला लघवीची घाई, लघवी संपताना बरगडीखाली कळ, जिना चढलो की लघवी लाल. ऑफिसात मीटिंगमधून उठून पळायचो. ऑपरेशन चांगलं झालं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन. पण 'दुसऱ्या दिवशी कामावर' वगैरे जाहिराती वाचून रजा कमी टाकू नका.

---

युरो_नाशिक

मी युरॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाचं ऑपरेशन ठरवत नाही, पण आम्ही विचार कसा करतो ते सांगतो.

किडनीतला खडा २० मि.मी.च्या वर असेल तर पहिला पर्याय पीसीएनएल. युरोपातली आणि अमेरिकेतली, दोन्हीकडची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. १० ते २० च्या दरम्यान निवडीला वाव असतो. आरआयआरएसमध्ये लेझरने खड्याची भुकटी करायची, काही तुकडे बास्केटने उचलायचे, उरलेली रेती लघवीतून पडायची वाट बघायची. खडा जितका मोठा तितकी रेती जास्त, टेबलावरचा वेळ जास्त आणि पुन्हा आत जावं लागण्याची शक्यताही जास्त. पीसीएनएलमध्ये तुकडे तिथल्या तिथे बाहेर येतात. तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी काही जुनाट सांगितलेलं नाही. पुण्याचे डॉक्टरही चूक नाहीत. रक्त पातळ करणारी औषधं थांबवताच येत नसतील तर आम्हीही आरआयआरएसकडे वळतो. फक्त 'दोन बैठका लागू शकतील' हे त्यांनी सांगितलं का, ते विचारा. दोन बैठका म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च, आणि मधल्या काळात गुडघेदुखी यांनी वर्णन केलेली नळी पोटात.

भोकाची भीती आता पूर्वीइतकी बाळगायचं कारण नाही. आमच्या शिकण्याच्या काळात ३० फ्रेंचची नळी घालायचो. ३ फ्रेंच म्हणजे १ मि.मी., म्हणजे १० मि.मी.चं भोक. आजच्या मिनी-पर्कमध्ये, म्हणजे बारीक भोकाच्या पीसीएनएलमध्ये, त्याच्या निम्म्याच्या आसपास. २०११ मध्ये नडियादच्या मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मायक्रोपर्कचं तंत्र मांडलं, त्यात ४.८५ फ्रेंचच्या सुईतूनच बघायचं आणि फोडायचं. पण ते लहान खड्यांसाठी, २३ मि.मी.ला नाही. भोक बारीक केलं की रक्तस्राव कमी होतो, वेळ मात्र वाढतो. फुकट काही मिळत नाही.

आकडे हवे असतील तर २०११ मध्येच ९६ केंद्रांतल्या ५८०३ पीसीएनएल रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. लक्षणीय रक्तस्राव ७.८ टक्के, रक्त द्यावं लागलं ५.७ टक्के, ताप १०.५ टक्के, छातीच्या पोकळीत पाणी १.८ टक्के. खडा पूर्ण निघाला असे ७५.७ टक्के. बहुतेकांना काहीच झालं नाही, पण चौघांतल्या एकाच्या आत काही ना काही उरलं, हेही त्याच कागदावर आहे. ही नोंद मोठ्या नळ्यांच्या काळातली. आज रक्त द्यायची वेळ कमी येते.

'स्टोन-फ्री'चा आकडा ऐकलात की तो कशावरून ठरवला ते विचारत चला. सोनोग्राफीवर ठरवला तर आकडा देखणा दिसतो, सीटी केली की खाली येतो. माझाही येतो.

---

युरो_नाशिक

दुसरा भाग वेगळा लिहितो, कारण मला तोच महत्त्वाचा वाटतो.

पेशंट रक्ताला घाबरतो, मी तापाला. पीसीएनएलनंतर रक्त गेलं तर दिसतं, मोजता येतं, थांबवायचे मार्ग आहेत. आठवड्या-दीड आठवड्यानंतर अचानक लघवीतून ताजं रक्त येणं हा ओळखीचा प्रकार आहे. आतल्या रोहिणीला फुगवटा येऊन तो फुटतो. शंभरात एखाद्याला जांघेतून तार घालून ती रक्तवाहिनी बंद करावी लागते. म्हणून घरी गेल्यावर लघवी पुन्हा लालभडक झाली, गाठी पडायला लागल्या, तर 'होतं असं' म्हणून घरी थांबायचं नाही.

जंतुसंसर्गाचं तसं नसतं. खड्याच्या पोटात जंतू वर्षानुवर्षं राहतात. आपण खडा फोडतो तेव्हा ते मोकळे होतात आणि दाबाने आत सोडलेल्या पाण्याबरोबर रक्तात शिरतात. हे पाठीतल्या भोकाने होतं तसंच बिनटाक्याच्या दुर्बिणीनेही होतं. माझ्या माहितीतले जे पेशंट आयसीयूत गेले त्यांतले पुष्कळसे 'छोट्या' ऑपरेशनचे. बाहेर एकही जखम नाही, नातेवाईक खाली कँटीनमध्ये चहा घेतायत आणि वर बीपी ७० वर आलंय.

त्यामुळे लघवीचं कल्चर ऑपरेशनच्या आधी व्हायलाच हवं. साधी तपासणी पुरत नाही, कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कुठले हे बघणं. जंतू निघाले तर त्यांना लागू पडणारं अँटिबायोटिक द्यायचं, मगच तारीख. 'ऑपरेशनच्या वेळी इंजेक्शन देतोच आहोत' हे उत्तर पुरेसं नाही, कारण आपल्याकडे नेहमीच्या औषधांना न जुमानणारे ई. कोलाय जंतू सर्रास सापडतात. मधुमेही माणसाला तर याबाबतीत सूटच नाही. कल्चर स्वच्छ आलं तरी शंभर टक्के हमी नसते. मूत्राशयातल्या लघवीत एक आणि खड्यात दुसरंच, असंही निघतं. म्हणून आम्ही खड्याचा तुकडाही कल्चरला पाठवतो.

खडा अडकलेला आणि ताप असेल तर त्या दिवशी खडा फोडायचाच नसतो. फक्त वाट मोकळी करायची, स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून. पू भरलेल्या किडनीत लेझर चालवायचा आग्रह नातेवाईकांकडून होतो, 'एकाच भुलीत उरकून टाका' म्हणून. असं उरकता येत नाही.

---

ओटीतली_ताई

डॉक्टरांनी लिहिलंय त्यात टेबलाशेजारून थोडी भर घालते. मी युरोच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बरीच वर्षं स्क्रब नर्स आहे.

दुर्बिणीतून दिसायला हवं म्हणून सलाइन सतत आत सोडावं लागतं. धूसर झालं की सर्जन म्हणतात, "पाणी वाढवा." मग कुणी पिशवी वर टांगतं, कुणी सिरिंजने हाताने दाब देतं. किडनीतला दाब साधारण ३० ते ४० सें.मी. पाण्याच्या वर गेला की द्रव उलटा रक्तात जायला लागतो, आणि हाताने सिरिंज दाबली तर तो त्याच्या कितीतरी वर जातो. चांगला सर्जन अशा वेळी थांबतो. पाणी परत बाहेर यावं म्हणून मूत्रवाहिनीत शीथ (पोकळ नळी) घालतो, आणि शीथ सहज जात नसेल तर जोर करत नाही. मूत्रवाहिनी अरुंद म्हणून स्टेंट ठेवून पेशंटला दोन आठवड्यांनी परत बोलावणारे सर्जन मी पाहिलेत. नातेवाईक चिडतात, 'ऑपरेशन झालंच नाही आणि बिल मात्र आलं.' पण जोर करून मूत्रवाहिनी फाटली तर ते आयुष्यभराचं दुखणं.

दुसरी गोष्ट वेळेची. आरआयआरएस दीड तासाच्या पुढे रेटली की आम्ही सगळेच घड्याळाकडे बघतो. २३ मि.मी.चा कडक खडा एकाच बैठकीत संपवायचा हट्ट धरला की हे होतं. 'दोनदा येऊ' म्हणणारा डॉक्टर कमी हुशार असतो असं नाही.

घरच्यांसाठी सांगते. ऑपरेशनच्या रात्री पेशंट 'थंडी वाजतेय' म्हणाला तर वर आणखी एक ब्लँकेट टाकून त्याला गप्प करू नका. बेल दाबा, सिस्टरला बोलवा, ताप, नाडी आणि बीपी बघायला लावा. सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) बहुतेक वेळा पहिल्या सहा ते चोवीस तासांत डोकं वर काढतो.

---

तापीकाठ

डॉक्टर, ताई, दोघांचेही मनापासून आभार. ताईला (माझ्या) दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, ती आता गप्प आहे. कल्चर कुणीच केलेलं नव्हतं! साधी लघवी तपासली होती, 'पस सेल (पू-पेशी) १५-२०' एवढंच लिहिलंय. उद्याच देतो.

सीटीच्या रिपोर्टात '१२५० एचयू' असं लिहिलंय. त्याचा काही अर्थ? आणि बाहेरून मशीनने खडा फोडतात ते चालेल का?

---

युरो_नाशिक

एचयू म्हणजे हाउन्सफील्ड युनिट, खडा किती घट्ट त्याचा अंदाज. ५०० च्या आत आणि लघवी आम्लधर्मी असेल तर यूरिक अ‍ॅसिडचा खडा असू शकतो. मधुमेह्यांमध्ये तो जास्त, साध्या एक्स-रेत दिसतही नाही, आणि लघवी अल्कधर्मी करणाऱ्या औषधाने चक्क विरघळतो. त्यासाठी मी एचयू नेहमी आधी विचारतो. १२५० म्हणजे कडक, बहुधा कॅल्शियम ऑक्सलेट. औषधाने विरघळणार नाही. बाहेरून फोडायचं मशीन १००० च्या वरच्या खड्यांना नीट लागू पडत नाही, त्यात २३ मि.मी. म्हणजे तुकड्यांची रांग मूत्रवाहिनीत अडकून बसेल. नको.

औषधांबद्दल. दोन वर्षांनंतर नुसती इकोस्प्रिन असेल तर बऱ्याचदा ती चालू ठेवूनही करता येतं. सोबत क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी दुसरी गोळी) असेल तर ती काही दिवस आधी थांबवावी लागते. हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. आणि मधुमेहाच्या गोळ्यांची नावं बघा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊ शकतो, आणि मीटरवर साखर ठीक दिसल्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही.

---

जुना_खोड

तरुण मंडळींना 'पाठीला भोक' ऐकून धडकी भरते याची गंमत वाटते. माझ्या वडिलांचं खड्याचं ऑपरेशन १९७८ ला मुंबईत झालं. कुशीत वीतभर काप, बाराव्या बरगडीचा तुकडा काढलेला, महिनाभर अंथरूण, आणि पावसाळ्यात तो व्रण शेवटपर्यंत दुखायचा. त्याआधी दोन वर्षं, १९७६ मध्ये, स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतल्या भोकातून खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं होतं, पण ते आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागला. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला बाहेरून लहरी मारून पहिल्या माणसाचा खडा फोडला. मशीन बनवणारी डॉर्निये ही विमानांची कंपनी! वेगवान विमानावर पावसाचे थेंब आपटले की धातूत काय होतं याचा अभ्यास करता करता हे निघालं. पेशंटला पाण्याच्या टाकीत बसवत.

सांगायचं काय, तर पाच मि.मी.च्या भोकाला नावं ठेवू नका.

---

शनिवारवाडा_७

खोडकाका, बरगडीचा तुकडा?? आता जेवण जाणार नाही.

---

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये आहे. इथे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) नंबर लागायला वेळ जातो, पण दोन गोष्टी आवडल्या. संमतीपत्रावर सही घेताना धोके टक्केवारीसकट वाचून दाखवले, आणि स्टेंट कधी काढायचा ते डिस्चार्जच्या कागदावर ठळक होतं. माझा स्टेंट दोऱ्याचा होता. दोरा बाहेर चिकटपट्टीने मांडीला चिकटवलेला, नर्सने क्लिनिकमध्ये ओढून काढला. दोन सेकंदांचं काम, पण ते दोन सेकंद विसरता येत नाहीत.

मूत्रवाहिनीतल्या खड्यांवर इथे एक मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आले. बाहेरून लहरी देणं विरुद्ध दुर्बीण. पुन्हा उपचार लागले ते लहरींच्या गटात २२.१ टक्के, दुर्बिणीच्या गटात १०.३. तरीही लहरी घेतलेल्या सुमारे ७८ टक्के लोकांची भूल आणि दुर्बीण दोन्ही टळली. तुमच्या मेव्हण्यांना हे लागू नाही, पण मूत्रवाहिनीत लहान खडा असलेल्या कुणाच्या उपयोगी पडेल.

---

आरोग्य_खिडकी

स्टेंटचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी सरकारी योजनेच्या कामात आहे. आमच्याकडे एक बाई आल्या, तालुक्याचं नाव लिहीत नाही. बाळंतपणाच्या आसपास खड्यासाठी कुठेतरी स्टेंट टाकला होता. त्रास थांबला, गाव लांब, कागद पावसात गेले. चार वर्षांनी पोटात दुखतंय म्हणून एक्स-रे काढला तर नळीच्या दोन्ही टोकांना खड्यांचे गोळे, मधे नळी तुटलेली. एका खड्याच्या जागी तीन ऑपरेशनं झाली आणि ती किडनी निम्मीच काम करते आता. 'आत नळी आहे' हे त्यांना कुणी त्यांच्या भाषेत सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर 'डीजेएस इन सिटू' असं होतं म्हणे. ते कुणाला कळणार?

साधा स्टेंट तीन महिन्यांच्या पुढे ठेवत नाहीत. मोबाइलमध्ये तारीख टाका, आणि ज्याच्या पोटात आहे त्याच्याच नव्हे तर मुलाच्या, सुनेच्या मोबाइलमध्येही टाका.

तापीकाठ, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खड्याची दुर्बिणीची ऑपरेशनं बसतात. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. स्टेंट काढणं त्याच पॅकेजमध्ये आहे की वेगळं, हे आधीच विचारा. कितीतरी लोक 'काढायला परत पैसे लागतील' या भीतीने जातच नाहीत.

---

संकोची_६८

धाग्याशी थेट संबंध नाही, माफ करा. मला प्रोस्टेटसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय. जुनी पद्धत की लेझर, दोन्हीत काय फरक? आणि… वैवाहिक आयुष्यावर परिणाम होतो का? डॉक्टरांना विचारायला जीभ रेटली नाही, सोबत मुलगी होती.

---

युरो_नाशिक

संकोची काका, माफी कसली. थोडक्यात सांगतो, सविस्तर वेगळ्या धाग्यावर.

जुन्या टीयूआरपीत तारेने प्रोस्टेटचे काप काढतात. पूर्वी त्यासाठी ग्लायसिनचं पाणी वापरावं लागे. ते जास्त शोषलं गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून पेशंट बरळायला लागे, म्हणून आम्ही तासाभरात हात आवरता घ्यायचो. आता बायपोलर यंत्रात साधं सलाइन चालतं, तो धोका जवळपास गेला. लेझरचं होलेप म्हणजे आतली सगळी गाठ सालीपासून सोडवून काढणं. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये विकसित झालं. फार मोठ्या प्रोस्टेटलाही चालतं, रक्त कमी जातं, पण शिकायला अवघड. म्हणून यंत्र कुठलं यापेक्षा सर्जनने ते किती वेळा केलंय ते विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ताठरता बहुतेकांची आधी होती तशीच राहते. पण वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं, हे दोन्ही पद्धतींत बहुसंख्य पुरुषांना होतं, आणि ते कायमचं असतं. अपायकारक नाही, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो. पुढच्या भेटीत मुलीला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा आणि मोकळेपणाने विचारा. हे प्रश्न आम्हाला रोज येतात.

---

बाइट_भट

डॉक्टर, या सगळ्यात रोबोट कुठे? होर्डिंगवर तर सगळीकडे रोबोटच.

---

युरो_नाशिक

खड्याला सहसा गरज नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी, किडनीतली गाठ काढून उरलेली किडनी वाचवण्यासाठी चांगलं साधन आहे. पण होर्डिंगवर जे लिहीत नाहीत ते सांगतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला प्रोस्टेट कॅन्सरच्या ३२६ पुरुषांवर उघडं ऑपरेशन विरुद्ध रोबोट अशी चाचणी झाली, २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं, पण बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत फरक नव्हता. उघडं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचा अनुभव मात्र रोबोटवाल्यापेक्षा बराच जास्त होता. पोटावरचा काप लहान झाला म्हणून आतलं कामही लहान होत नाही. आत तेच कापायचं असतं, तेच शिवायचं असतं.

---

कुळीथ_पिठलं

एवढं करून खडा परत होतोच ना? मग पुढचं कोण सांगणार?

---

युरो_नाशिक

हा प्रश्न बरोबर विचारलात. काही केलं नाही तर पाच-दहा वर्षांत निम्म्या लोकांना परत होतो. पाण्याचा पुरावा पक्का आहे. इटलीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना परत खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. पाणी किती प्यायलं हे न मोजता लघवी किती झाली ते बघायचं, दिवसाला अडीच लिटर. मे महिन्यात जळगावात केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला त्यासाठी चार लिटरही कमी पडतं, घामात जातं सगळं.

खान्देशात सगळे बोअरच्या जड पाण्याला दोष देतात. जड पाणी भरपूर पिणारा माणूस आरओचं पाणी दोन पेले पिणाऱ्यापेक्षा बरा. दूध-दही बंद करणं हा दुसरा गैरसमज. त्याच इटलीतल्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्यांत २० टक्के, आणि कॅल्शियम तोडलेल्यांत ३८ टक्के लोकांना परत खडा झाला. पोटात कॅल्शियम नसलं की ऑक्सलेट मोकाट शोषलं जातं. म्हणजे ताक प्या, पापड-लोणचं आवरा. कुळथाचं कढणही प्या हवं तर, त्यातलं पाणी तरी मोजलं जाईल.

---

कुळीथ_पिठलं

चला, कढणाला मान्यता मिळाली.

---

तापीकाठ

उशिरा अपडेट देतोय. कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, आणि तोही अर्ध्याअधिक औषधांना दाद न देणारा. जळगावच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, त्यांनी तारीख स्वतःहून पुढे ढकलली, आधी इंजेक्शनचा कोर्स केला, पुन्हा कल्चर केलं, ते स्वच्छ आलं. गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन होतंच, ते वेळेवर बंद केलं. हृदयाच्या डॉक्टरांनी इकोस्प्रिन चालू ठेवायला सांगितलं.

शेवटी पाठीतूनच केलं, मिनी-पर्क. दोन्ही मतं समोर ठेवून मेव्हण्यांनीच ठरवलं. म्हणाले, "दोनदा पुण्याला जाण्यापेक्षा एकदा भोक परवडलं." पहिल्या रात्री ताप १०१ पर्यंत गेला. ताईने ब्लँकेट न टाकता बेल दाबली (ओटीतली_ताई, हे तुमच्यामुळे). सकाळपर्यंत उतरला, बीपी ठीक राहिलं. रक्त द्यावं लागलं नाही. मोठा खडा पूर्ण निघाला, खालच्या कप्प्यात ४ मि.मी.चा तुकडा राहिलाय असं डॉक्टरांनीच सांगितलं, तीन महिन्यांनी सीटी करून बघू म्हणाले. स्टेंटची तारीख भाचीच्या, माझ्या आणि सरपंचांच्याही मोबाइलमध्ये आहे!

एक विचारायचं राहिलं. खड्याचे तुकडे एका बाटलीत दिलेत. त्यांचं काय करायचं?

---

युरो_नाशिक

छान झालं. उरलेल्या ४ मि.मी.चं सीटीनंतर बघता येईल. तोवर काळजी नको, पण विसरूही नका.

बाटली लॅबला द्या, 'स्टोन अ‍ॅनालिसिस' म्हणून. देव्हाऱ्यात किंवा टीव्हीवर ठेवू नका, लोक ठेवतात. कॅल्शियम ऑक्सलेट निघालं तर वर लिहिलेलं पथ्य. स्ट्रुव्हाइट निघालं तर तो जंतूंनी केलेला खडा असतो, मग त्या ४ मि.मी.च्या तुकड्याचा पाठपुरावा जास्त कडक करावा लागेल, आणि कल्चर दर काही महिन्यांनी.

---

तापीकाठ

टीव्हीवरच होती. उद्या देतो.

---

संकोची_६८

डॉक्टरसाहेब, प्रोस्टेटचा वेगळा धागा कधी काढताय? मुलीला बाहेर बसवलं होतं, विचारलं सगळं. आणखी चार प्रश्न शिल्लक आहेत.